हाकेला न येणारं कुत्रं

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्रं घेऊन येणारा प्रत्येक मालक दारातूनच एक वाक्य बोलायचा, "साहेब, आपलं कुत्रं काही करत नाही बरं." एकदा एक गृहस्थ सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं कुत्रं घेऊन आले. त्यांचं हे वाक्य पुरं होईस्तोवर कुत्र्यानं माझ्या पँटचा पायचा दातांत धरला होता. मी पाय सोडवायला लागलो तर मालक मलाच दटावून म्हणाले, "तुमी हालू नका जी. समोरचा हालला की त्याले राग येते."

मी हसलो, पँट सोडवली आणि कुत्र्याला सुई टोचली. अशा गोष्टी आम्ही दवाखान्यातली माणसं हसण्यावारी नेतो. पण एकदा मी जे हसण्यावारी नेलं ते एका बाईला भोगावं लागलं. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली, तरी सकाळी चहा पिताना कधी कधी तीच बाई डोळ्यांपुढे येते. म्हणून हे लिहितो आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टरच्या खालचा माणूस. माझ्याकडे पदवी नाही, पदविका आहे. पण गावात बरेच जण मला डाक्टरच म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं. नोकरीची शेवटची बरीच वर्षं दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या पुढल्या एका गावात गेली. दोन खोल्यांचा दवाखाना, समोर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, एक कडुनिंब. लसी टोचणं, गाईला कृत्रिम रेतन करणं, अडलेली म्हैस मोकळी करणं, पायाला पत्रा लागलेल्या बैलाची मलमपट्टी, अशी कामं. अडलेल्या म्हशीच्या बाबतीत माझा हात चांगला होता, असं लोक म्हणत. ते मी नाकारत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कुत्रं आणि जनावरांचा दवाखाना म्हटलं की पिसाळलेलं कुत्रं. तेही येतंच. पण जास्त नुकसान शहाण्यासुरत्या, लस टोचलेल्या, मालकाच्या हातची भाकर खाणाऱ्या कुत्र्यांकडून होताना मी पाहिलं. बिबट्या बकरीचा गळा धरतो, एका झटक्यात काम संपवतो. पाळलेल्या कुत्र्याला भूक नसते. ते पळवत सुटतं आणि मागून जे तोंडात येईल ते ओढतं, मांडी, कान, कास. बकरी जखमेनं मरते त्यापेक्षा धावून आणि धास्तावून जास्त मरते. अंगावर ओरखडा नसलेली बकरी दुसऱ्या दिवशी चारा सोडते. गाभण असली तर चार-आठ दिवसांत गाभडते, म्हणजे गर्भ टाकते. मालक मग म्हणतो, "डाक्टर, हिले तर कुत्र्यानं हातही नाही लावला." हात लावायची गरजच नसते.

प्रभाकरभाऊ माझे मित्र. गावाला लागून त्यांचं वावर, त्यात कापूस, तूर आणि सोयाबीन. मनाने मोकळा माणूस. माझी बदली त्या गावात झाली तेव्हा खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस मी त्यांच्याच घरी राहिलो. त्यांच्या घरी तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी झाली की मला निरोप यायचाच. वहिनी वाढताना कधी थांबल्या नाहीत.

त्यांच्या तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं फार घुसायची. म्हणून त्यांनी एका तांड्यावरून पिल्लू आणलं. भुरकट रंगाचं, जाड पंजांचं. नाव ठेवलं सुलतान. तांड्यावरच्या म्हाताऱ्यानं पिल्लू देताना त्यांना बजावलं होतं, "याले बकऱ्याइत निजू द्या. बकरीच्या मागं धावलं की तितंच दाबा. आज नाही दाबलं तं मंग नाही दबत." ही गोष्ट प्रभाकरभाऊंनीच मला हसत हसत सांगितली होती. त्यांच्याकडे बकऱ्या नव्हत्या. कुत्रं बकऱ्यांत कुठे निजवणार?

सुलतान वावरात वाढला. संध्याकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहा घेऊन बसायचो आणि प्रभाकरभाऊ त्याला शिकवायचे. समोर काही हललं की म्हणायचे, "सुलतान, धर!" रोही हललं, धर. ससा हलला, धर. बगळा उतरला, धर. सुलतान बाणासारखा सुटायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवायचो. "धर" त्याला चांगलं आलं. "ये" हे कोणी शिकवलंच नाही. तो मनात येईल तेव्हा परत यायचा आणि आम्ही त्याचं डोकं कुरवाळायचो. जनावरांत उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की या कुत्र्याला पळणारी कुठलीही वस्तू धरायची एवढंच ठाऊक आहे. माझ्या दवाखान्याच्या नोंदीत मात्र सुलतान अगदी चोख होता. जंताचं औषध दिलेलं, रेबीजची लस टोचलेली, दात उत्तम.

गयाबाई त्याच गावच्या. बौद्धवाड्यात त्यांचं दोन खणांचं घर. नवरा वारलेला, लेक लग्न होऊन उमरखेडकडे दिलेली. जमीन नाही. त्यांच्याकडे अकरा बकऱ्या होत्या आणि त्या बकऱ्यांना नावं होती. चांदणी, ढवळी, कानबुची. बाई निरक्षर, पण कुठली बकरी कधी लागली, कधी विणार, हे त्या मला तोंडपाठ सांगायच्या आणि माझा अंदाज चुकला तरी त्यांचा चुकायचा नाही. लसीच्या दिवशी सगळ्यांत आधी त्याच हजर. नवीन सुई काढली की नाही, हे वाकून बघायच्या.

एका सकाळी त्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात एक पाठ गुंडाळून घेऊन आल्या. पाठ म्हणजे बकरीचं मादी पिल्लू. मागची मांडी फाटली होती.

"पाहा ना साहेब, काय करून ठेवलं."

"कोणाचं कुत्रं?"

"प्रभाकरभाऊचा सुलतान."

कुत्र्याच्या चाव्याला शक्यतो टाके घालत नाहीत. आत घाण राहिली तर जखम आतून सडते. साबणानं नळाखाली खूप वेळ धुवायची, केस कापायचे, औषध लावून उघडीच ठेवायची. गयाबाईंनी पाठ धरली होती. ती ओरडली की त्या तिच्या कानात काहीतरी पुटपुटायच्या. औषध लावून झाल्यावर त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"साहेब, एक काम करता काय?"

"काय?"

"भाऊले तुमी सांगा. माह्यं बोलणं ते मनावर घेणार नाईत. मी सांगतलं तं म्हणतीन, तूच बकऱ्या इकडं कायले आणतं? तुमचं त्याइच्या घरी जाणंयेणं आहे. तुमचं ऐकतीन."

"सांगतो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी गेलो. ताट वाढलेलंच होतं. जेवता जेवता मी विषय काढला, तोही हसत. म्हटलं, "प्रभाकरभाऊ, तुमच्या सुलताननं आज मला काम लावलं."

"अजी, कोणतं?"

"गयाबाईच्या बकरीच्या पिल्लाला चावला."

"पोट्टं आहे ते अजून. खेळून राह्यलं असन."

"दोन-चार दिवस बांधून ठेवा."

"बांधतो ना," ते म्हणाले आणि वहिनींना मला भात वाढायला सांगितला.

संपलं. एवढंच माझं सांगणं. साखळी आणा, वावरात बकऱ्या येत असतील तेव्हा कुत्रं सुटं ठेवू नका, त्याला हाकेवर परत यायला शिकवा, ते जमेस्तोवर लांब दोर लावा, यातलं मी काहीही बोललो नाही. कुत्रं तुमचं असेल तर त्याचे दातही तुमचेच, कायदाही तेच म्हणतो, हे मी गावोगावच्या शिबिरांत माईकवरून सांगत होतो. समोर मित्र आणि ताट असताना ते ओठांवर आलं नाही. ते "बांधतो" म्हणाले तेव्हाच मला कळलं होतं की ते बांधणार नाहीत. दारात साखळीसुद्धा नव्हती.

त्या पिल्लाला रेबीजच्या सुया ठरलेल्या दिवसांनी टोचायच्या होत्या. गयाबाई दर वेळी तिला कडेवर घेऊन चालत यायच्या. दुसऱ्या सुईला त्यांनी विचारलं, "बोलले काय साहेब?"

"बोललो. बांधून ठेवतो म्हणाले. आता बिनधास्त जा."

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं, मला अजून कळत नाही. कदाचित विषय संपवायचा होता.

सोयाबीन निघालं की आमच्याकडे वावरं मोकळी होतात आणि बकऱ्यांना थोडे दिवस सुगी येते. धुऱ्यावर हिरवं असतं, वावरात गळालेलं असतं. त्या वर्षी गावाजवळचं सोयाबीन सगळ्यांत आधी प्रभाकरभाऊंचंच निघालं होतं. प्रभाकरभाऊंच्या वावराच्या टोकाला नवीन शेततळं होतं. खड्डा खोदून आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, तसं. पावसाचं पाणी त्यात काठोकाठ होतं. असल्या तळ्यात पडलेलं जनावर बाहेर येऊ शकत नाही. कागदावर पाय रोवतच नाही. जितकं चढायला जाईल तितकं घसरतं.

त्या दिवशी दुपारी गयाबाई बकऱ्या घेऊन तिकडे गेल्या. सुलतान मोकळाच होता. त्याच्याबरोबर गावातली आणखी दोन कुत्री होती. एकटं कुत्रं थोडं तरी बिचकतं, तीन झाली की बिचकत नाहीत. प्रभाकरभाऊ कापसात होते. त्यांनी मला नंतर सांगितलं, "डाक्टर, मी पाह्यलं ना. पाह्यलं अन् हाका मारत सुटलो. सुलतान, सुलतान! त्यानं एकदा मान वळवून पाह्यलं मायाकडं, अन् आणखी जोरात धावला. त्याले वाटलं असन, मी धरच म्हणून राह्यलो."

बकऱ्या एका झुंडीनं पळाल्या आणि पुढच्या सरळ तळ्यात गेल्या. मागच्या त्यांच्या मागे. बकरी असंच करते, पुढचीच्या मागे जाते. गयाबाई काठावर पोचल्या, त्यांनी एकीचं शिंग धरलं आणि त्याही घसरल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. प्रभाकरभाऊंनी पाणी द्यायचा काळा पाइप आत टाकला, स्वतः पोटावर झोपून तो धरून ठेवला आणि ओरडत राहिले, "पाइप धरा, बाई! बकरी सोडा!" त्या बकरी सोडत नव्हत्या. शेवटी शिंगच हातातून सुटलं, तेव्हा त्यांनी पाइप धरला.

मला फोन आला. मी मोटारसायकलवर पोचलो तोवर गावची माणसं जमली होती. सहा मेलेल्या बकऱ्या काठावर ओळीनं काढून ठेवल्या होत्या, पोटं फुगलेली. चांदणी जिवंत होती, पण तिची कास एका बाजूनं लोंबत होती. गयाबाई ओल्या लुगड्यानं मातीत बसल्या होत्या. बोटांची नखं कागदावर ओरबाडून रक्ताळलेली. प्रभाकरभाऊ थोडे दूर उभे होते, छाती, कोपरं सोललेली, आणि त्यांच्या पायाशी सुलतान शेपूट हलवत बसला होता. खूप खेळून आल्यासारखा. धापा टाकत, खुशीत.

गयाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चांदणीजवळ बसलो आणि पेटी उघडली. हातांना काम होतं म्हणून बरं झालं.

कागद करायची वेळ आली. मेलेल्या जनावरांची तपासणी करून कारण लिहायचं काम माझं. जमलेल्यांतला एक वजनदार माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, लांडगा लिहा. जंगली जनावर म्हणलं की बाईले सरकारातून भेटन, अन् प्रभाकरभाऊचंही नाव येणार नाही. दोघाइचंही भलं होते."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच दोघांचं भलं दिसत होतं. मी खोटं सांगणार नाही, माझ्या हातातलं पेन थांबलं. मेलेल्या बकऱ्यांच्या मांडीवर उमटलेले दात कुत्र्याचे आहेत हे मला दिसत होतं. तरीही थांबलं.

गयाबाईंनी ऐकलं होतं. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "लांडग्याचं नाव कायले घेता? त्यानं बिचाऱ्यानं काय केलं? जे झालं ते लिहा."

मी लिहिलं. पाळीव कुत्रं, मालकाचं नाव, सगळं. या प्रकरणात माझ्या हातून एवढी एकच गोष्ट धड झाली, आणि तीही त्या बाईमुळे.

चांदणीची कास वाचली नाही. उरलेल्यांपैकी दोन गाभण होत्या, दोघीही आठवड्याच्या आत गाभडल्या. गयाबाईंनी मला बोलावलं नाही. मला दुसऱ्याकडून कळलं.

प्रभाकरभाऊ आठ दिवसांनी दवाखान्यात आले. दाढी वाढलेली. दोरानं बांधलेला सुलतान सोबत. म्हणाले, "डाक्टर, याले एक सुई मारा अन् संपवा. घरात पाहू वाटत नाही याच्याकडं."

मी म्हटलं, "आजारी नसलेलं कुत्रं मी मारणार नाही. आणि भाऊ, यानं तेच केलं जे आपण धुऱ्यावर बसून याला शिकवलं."

ते बाकावर बसले. मग म्हणाले, "तुमी त्या दिवशी जेवताना एकडाव रागावून बोलायचं होतं. मी ऐकलं असतं."

त्यांनी ऐकलं असतं का? असतं, बहुतेक. मित्र होते ते.

मग आम्ही दोघांनी जे आधी करायचं ते नंतर केलं. साखळी आली. लांब दोर आला. रोज सकाळ-संध्याकाळ प्रभाकरभाऊ खिशात भाकरीचे तुकडे घेऊन सुलतानला वावरात फिरवायचे. दोर सोडायचा, हाक मारायची, आला की तुकडा. बकऱ्यांचा कळप दुरून दाखवायचा, बघितलं आणि बसलं की तुकडा, ओढ घेतली की तिथूनच माघारी. दिवाळीनंतर सुरू केलं होतं. होळीपर्यंत कुत्रं एका हाकेला परत यायला लागलं. कळपाजवळ त्याला सुटं मात्र प्रभाकरभाऊंनी पुन्हा कधी सोडलं नाही. लोक कौतुक करायचे. मला ते कौतुक बघवायचं नाही. इतकं सोपं होतं हे. भाकरीचे तुकडे, दोर आणि रोजचा थोडा वेळ.

प्रभाकरभाऊंनी गयाबाईंसाठी बकऱ्याही आणल्या. चांगल्या, निवडून आणलेल्या, मीच तपासून दिलेल्या. आम्ही दोघं त्यांच्या दाराशी घेऊन गेलो. गयाबाईंनी बकऱ्यांचे कान पाहिले, दात पाहिले. एकीची पाठ थोपटली.

"चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "पन घेऊन जा भाऊ."

"बाई, माह्यावर राग असन तं बोला. शिव्या द्या," प्रभाकरभाऊ म्हणाले. "पन हे ठेवून घ्या."

"राग नाही. तुमी पाइप धरला म्हून मी इथं बसून बोलून राह्यली. पन आता कुठंबी कुत्रं भुकलं तं माह्ये पाय कापतात. बकऱ्या तुमी द्यान. त्याइच्या मागं चालाचं काळीज कोन देईन?"

आम्ही बकऱ्या घेऊन परत आलो. उरलेल्या बकऱ्याही त्यांनी लेकीच्या घरी पाठवून दिल्या आणि त्या रोजानं कापूस वेचायला जाऊ लागल्या. लसीच्या दिवशी दवाखान्यासमोर रांग लागायची, पण सगळ्यांत पुढची जागा आता दुसऱ्या कोणाची तरी असायची.

निवृत्तीच्या वेळी गावानं सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. अडलेल्या म्हशींची गोष्ट दोघातिघांनी सांगितली. गयाबाई आल्या नव्हत्या. मी यवतमाळला राहायला आलो.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी बोरीला गेलो होतो. परत येताना बाजाराच्या तोंडाशी गाडीची वाट बघत गयाबाई बसलेल्या दिसल्या. सोबत एक पिशवी. त्यांनीच हाक मारली, "साहेब, वळखलं नाही काय?"

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसलो. लेक बरी आहे, नातू शाळेत जातो, गुडघे दुखतात. मी माझ्या साखरेचं सांगितलं. आणि इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोललो.

"गयाबाई, तुम्हांला एक सांगायचं होतं. तेव्हा मी प्रभाकरभाऊंना नीट सांगितलंच नव्हतं. जेवता जेवता हसत बोललो. ते बांधणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी तुम्हांला बिनधास्त जा म्हटलं. माझ्या शब्दावर तुम्ही तिकडे गेलात."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना काही धक्का बसल्यासारखं दिसलं नाही.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"तुमी बोलले नसान हे. ज्याच्या घरी जेवलं त्याले मानूस किती बोलते? अन् सुलतान सुटाच दिसे मले, रोज."

मी विचारलं, "मग माहीत असून त्या बाजूला का गेलात?"

गाडी आली होती. गयाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पिशवी उचलली आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जशा मी बकरीचे महिने चुकीचे मोजले की पाहायच्या.

"दुसरीकडं चारा कुठं होता, साहेब?"